अस्वलाला अस्वल दाखवायचं होतं

मागच्या रविवारी आम्ही काही जण कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात गेलो, सोबत आपापली कापडी खेळणी घेऊन. त्याचे फोटो घरच्या व्हॉट्सॲप गटावर गेले आणि खाली जे काही आलं ते वाचून मी अजून धुमसते आहे. "या वयात बाहुल्या?" असं एकाने विचारलं. दुसरीने हसून डोळ्यांत पाणी आलेले ते पिवळे चेहरे ओळीने लावले. एका आतेभावाने निदान केलं, "पेन्शन वेळेवर येतंय सगळ्यांचं, दुसरं काय!" गटावर वाद घालायचा नाही हा माझा नियम आहे. म्हणून उत्तर इथे देते.

आधी प्रकरण काय ते सांगते. जगात पुष्कळ माणसं आपलं एखादं कापडी खेळणं पोस्टाने कुणा अनोळखी यजमानाकडे धाडतात. खेळण्याच्या गळ्यात चिठ्ठी, सोबत एक वही. यजमानाने पाहुण्याला आपलं गाव दाखवायचं, फोटो काढायचे, वहीत चार ओळी लिहायच्या आणि त्याला पुढच्या घरी रवाना करायचं. १९६४ साली जेफ ब्राऊन यांनी 'फ्लॅट स्टॅनली' नावाचं बालपुस्तक लिहिलं. त्यातला मुलगा अंगावर फळा पडून कागदासारखा चपटा होतो आणि पाकिटातून प्रवासाला जातो. कॅनडातल्या डेल ह्युबर्ट या शिक्षकाने १९९५ मध्ये त्यावरून शाळाशाळांत कागदी स्टॅनली पाठवायचा उपक्रम सुरू केला. टोकियोत तर सोनोए अझुमा या बाईंनी २०१० साली फक्त कापडी खेळण्यांसाठी 'उनागी ट्रॅव्हल' ही प्रवासी कंपनी काढली. लोक पैसे भरून आपल्या खेळण्यांना तिच्या सहलींवर पाठवतात. त्यांत आजारपणामुळे घराबाहेर पडू न शकणारी माणसंही आहेत.

आमचा पाहुणा जर्मनीतून भाचीकडे आला. वीतभर उंचीचं अस्वल. मूळचा मधाचा रंग उडून पोटावर फिका पडलेला, डाव्या कानाला निळ्या दोऱ्याचे टाके. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका. आयुष्यभर रेल्वेने हिंडल्या आणि आता चाकाच्या खुर्चीत आहेत. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी सुबक अक्षरात एकच मागणी लिहिली होती : तुमच्याकडचं खरं अस्वल याला दाखवा. भाची म्हणाली, "पाहुणा एकटा कसा जाईल गं मावशी? प्रत्येकाने आपलं कुणीतरी आणा."

आणि आणलं सगळ्यांनी. आमच्या इमारतीत एक पोस्टमास्तर राहतात. त्यांनी राखाडी हत्ती आणला. नातू आईवडिलांबरोबर कॅनडाला गेला तेव्हा सामानाचं वजन जास्त भरलं, म्हणून हत्ती मागे राहिला. तेव्हापासून तो मास्तरांच्या टीव्हीशेजारी बसलेला असतो. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी आईच्या इरकलीची चिंध्यांची बाहुली आणली, काळ्या लोकरीच्या केसांची. भाचीच्या कॉलेजातला एक मुलगा एका डोळ्याच्या जागी शर्टाचं बटण लावलेला डायनासोर घेऊन आला. निघण्याआधी मास्तरांनी जर्मन पार्सलचा रिकामा खोका मागून घेतला, चष्मा कपाळावर सरकवून कडा, चिकटपट्टी, कस्टम्सचा कागद सगळं निरखलं आणि म्हणाले, "बाईंना पार्सल बांधता येतं." मास्तरांच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

गेटवरच्या रखवालदाराने पिशव्या तपासल्या, आतली मंडळी पाहिली आणि मनापासून म्हणाला, "यांना तिकीट नाही, घेऊन जा." हसला तोही. पण त्याच्या हसण्यात आणि आतेभावाच्या हसण्यात जमीन-अस्मानाचा फरक होता.

झाडाखाली डबे सोडले तेव्हा मास्तरांनी हत्तीला बाकावर टेकवून बसवलं आणि इंदिरा नावाच्या हत्तिणीची गोष्ट काढली. टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातल्या हत्तींना १९४३ मध्ये, ऐन युद्धात, वरून आलेल्या हुकुमाने उपाशी ठेवून मारलं. बॉम्ब पडून पिंजरे फुटले तर जनावरं शहरात शिरतील, ही भीती. युद्ध संपलं, पण टोकियोत हत्ती उरला नव्हता. तिथल्या मुलांनी थेट पंडित नेहरूंना शेकडो पत्रं लिहिली, आम्हाला हत्ती पाठवा म्हणून. नेहरूंनी १९४९ मध्ये म्हैसूरची हत्तीण पाठवली आणि तिला आपल्या मुलीचं नाव दिलं. ती १९८३ पर्यंत उएनोत होती. "आणि ही सगळी मागणी पोस्टाने गेली होती," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज जरा जड झाला होता. हत्तीच्या पाठीवरची पोळीची कणी त्यांनी बोटाने टिपून काढली. एखादं जनावर बघायला मिळावं म्हणून पोरं दुसऱ्या देशाच्या पंतप्रधानाला पत्र लिहितात. आमच्या घरापासून कात्रजला बसने जाता येतं आणि आम्ही तिथे जाऊन काय करतो?

याच गोष्टीबद्दल मला आज खरं बोलायचं आहे.

अस्वलाच्या खंदकाशी पोचलो तेव्हा ते बाहेर नव्हतं. आम्ही थांबलो. तेवढ्या वेळात माणसांचे घोळकेच्या घोळके आले आणि गेले. प्रत्येकाने तेच केलं : कठड्यावर थापा, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी, "ए अस्वल्या, बाहेर ये की रे!", कुणीतरी वेफर्सची रिकामी पिशवी फुगवून फोडलेली. एका गृहस्थांनी लहान लेकीला खांद्यावर घेतलं आणि तिला ओरडायला शिकवलं. "अजून जोरात, बेटा." मग जनावराकडे पाठ करून फोटो, आणि "काही नाही इथे, चला वाघ बघू." वाघापाशी पुन्हा तेच. झोपलेल्या वाघाला उठवण्यासाठी माणसं जो आटापिटा करतात, तो घरातल्या दहावीच्या मुलाला उठवायलाही करत नसतील. सर्पोद्यानात काचेवर टकटक. हे सर्पोद्यान १९८६ मध्ये सुरू झालं, ते नीलिमकुमार खैरे यांच्यामुळे. त्याआधी १९८० मध्ये याच माणसाने पुण्यात ७२ विषारी सापांसोबत एका काचेच्या खोलीत ७२ तास काढले होते. छेडल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांना लोकांच्या डोळ्यांसमोर सिद्ध करायचं होतं. त्यांनीच उभ्या केलेल्या जागी लोक सापाला मुद्दाम छेडताना पाहिले की माझा संताप होतो. सापाला आपल्यासारखे कान नाहीत, पण तो टिचकीचा हादरा सगळ्या अंगाने घेतो.

यावर "मुलं आहेत, चालायचंच" असं म्हणू नका. ओरडणाऱ्यांत मुलं कमी होती, त्यांना ओरडायला लावणारी मोठी माणसं जास्त. आणि हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्नही नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात कलम ३८ जे आहे. प्राणिसंग्रहालयातल्या जनावराला डिवचणं, खायला घालणं, आवाज करून त्रास देणं, आवारात कचरा करणं, सगळं त्या कलमाखाली गुन्हा आहे. रस्त्यावरचा सिग्नल आपण निदान पोलीस दिसला तर पाळतो. हे कलम तर बहुतेकांनी ऐकलेलंच नाही.

आम्ही मात्र तिथून हललो नाही. जर्मनीतल्या एका खुर्चीतल्या बाईंना शब्द दिलेला होता. भाचीने पाहुण्याला छातीशी धरून तोंड खंदकाकडे केलं होतं. बाकीची मंडळी कठड्याआड आपापल्या माणसांच्या हातात. गर्दी ओसरली, शिट्ट्या थांबल्या आणि बऱ्याच वेळाने ते आलं. आधी राखट, लांब नाकाड, मग काळी झिपरी मान, मग छातीवरचा फिकट चांद. पुढच्या पायांची नखं वाकडी आणि बोटभर लांब. एका जुन्या ओंडक्यापाशी बसून त्याने नखांनी माती उकरली, जोराने फुंकर मारून ती उडवली आणि मग आतलं काहीतरी असं ओढून घेतलं की तो सुरकन आवाज आमच्यापर्यंत आला. आपल्या अस्वलाला वरचे पुढचे दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी आणि मुंग्या ओढून घेतं. मेळघाटात, ताडोबात, बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात हेच अस्वल राहतं. पिल्लांना पाठीवर घेऊन जंगल तुडवणारी आईही याच जातीची.

माझ्या पिढीने अस्वल पहिल्यांदा पाहिलं ते दरवेशाच्या दोरीला. आळीत डमरू वाजला की पोरं धावायची. नाकपुडीतून ओवलेली दोरी ओढली की अस्वल दोन पायांवर उभं राहायचं, अख्खी आळी टाळ्या पिटायची. आजारी पोराला त्याच्या पाठीवर बसवत, त्याचा केस ताईतात घालत. त्या नाकाच्या जखमेबद्दल कुणी चकार शब्द काढल्याचं मला आठवत नाही. दरवेशी गेले, कायद्याने ते थांबवलं, फार चांगलं झालं. पण तेव्हा दोरीने जे करून घेत होते तेच आता शिट्टीने करून घ्यायचंय : जनावराने आपल्यासाठी उठावं, नाचावं, फोटोला तोंड द्यावं.

आमच्या शेजारी सहाएक वर्षांचा एक मुलगा पाण्याच्या बाटलीने कठडा बडवत होता. भाची त्याच्यापाशी वाकली आणि म्हणाली, "हा पाहुणा लांबून आलाय. याने आपलं अस्वल कधी बघितलं नाही. तू सांगतोस का त्याला?" मुलाने पाहुण्याकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं, बाटली आईकडे दिली. मग दबक्या आवाजात सुरू झाला. "हे बघ, ते माती फुंकतंय. त्याची नखं बघितलीस? आता ते... थांब, आता ते खातंय. घाबरू नको, मध्ये खड्डा आहे." बाप म्हणाला, चल, वाघ राहिला. मुलगा जागचा हलेना. "याचं बघून व्हायचंय," म्हणाला.

जपानमधल्या काही वाचनालयांत मुलं आपली कापडी खेळणी रात्रीच्या मुक्कामाला ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी खेळणी पुस्तकं चाळत असल्याचे फोटो त्यांना मिळतात. तिथल्या संशोधकांनी २०१७ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा मुक्कामानंतर लहान मुलं आपणहून खेळण्याला पुस्तक वाचून दाखवू लागली, असं त्यांना दिसलं. मला त्याचं मुळीच नवल वाटलं नाही. दुसऱ्याला दाखवायचं असलं की माणूस स्वतः नीट बघतो. त्या मुलाइतकं बारकाईने त्या दिवशी अस्वलाकडे कुणीच पाहिलं नसेल.

भाचीने मग त्याला विनीची हकिगत सांगितली. १९१४ मध्ये हॅरी कोलबर्न हा कॅनडाच्या सैन्यातला जनावरांचा डॉक्टर लढाईवर निघाला असताना त्याने एका रेल्वे स्टेशनवर २० डॉलरला अस्वलाचं पिल्लू विकत घेतलं. फ्रान्सच्या आघाडीवर जाताना ते लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ठेवलं. तिथे ते बघायला येणाऱ्या ख्रिस्तोफर रॉबिन मिल्न या मुलाने आपल्या कापडी अस्वलाला त्याचं नाव दिलं आणि त्याच्या वडिलांनी, ए. ए. मिल्न यांनी, १९२६ मध्ये 'विनी-द-पू' लिहिलं. ते कापडी अस्वल पुढे समुद्र ओलांडून अमेरिकेत गेलं, आता न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. मुलाने सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, "मग हे पण ग्रंथालयात जाणार?"

घरच्या गटावरच्या मंडळींना माझं सांगणं एवढंच आहे. त्या खंदकाशी हातात खेळणं घेऊन उभी असलेली माणसं शिट्टी न मारता उभी होती. बाटली बडवणारं एक पोर त्यांच्यामुळे गप्प झालं. संध्याकाळी भाचीने वहीत माती, फुंकर, नखं, तो आवाज, सगळं लिहिलं आणि मास्तरांनी खाली सही केली, तारखेसकट. जर्मनीत एक बाई ते वाचतील आणि त्यांना अस्वल दिसेल. मला ही सहल आजवरच्या कुठल्याही देवदर्शनाच्या सहलीइतकीच मोलाची वाटते. ती कुणाला हास्यास्पद वाटत असेल तर तो पाहणाऱ्याचा दोष आहे.

कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं. बाकी कुठल्याही दिवशी जा. सगळी जनावरं बघायचा हट्ट नको, एकाच्याच समोर पाव तास उभे राहा. कपाटात एखादं जुनं कापडी खेळणं पडलं असेल तर सोबत घ्या, लाजू नका. आणि शेजारी कुणी शिट्टी मारताना किंवा काच वाजवताना दिसला तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. कायदा तुमच्या बाजूने आहे.