खतावणीतील राहिलेले पान



आमच्या पेठेतील एक वयोवृद्ध व्यापारी गेल्या चातुर्मासात निवर्तले. दुकान, घर, ठेवी, येणी-देणी, सारे त्यांनी मृत्युपत्रात चोख लिहिले होते. मंदिराच्या देणगीचाही त्यात उल्लेख होता. राहून गेला होता तो त्यांचा अकरा वर्षांचा कुत्रा. थोरले चिरंजीव पुण्यात, धाकटे बंगळुरूत, कन्या सासरी. सांत्वनाला आलेली मंडळी परतली, तरी तो उंबरठ्यावर बसूनच होता. त्याला रोज हृदयविकाराची गोळी लागते, हे घरच्यांना चौथ्या दिवशी त्याला धाप लागल्यावर कळले.

“पांजरपोळ आहेच की,” असे कोणी तरी सहज म्हणाले. भटक्या कुत्र्यांना मारण्याच्या हुकुमावरून 1832 साली मुंबईत दंगल उसळली आणि 1834 मध्ये तेथे पांजरपोळ उभी राहिली. तिला आपल्या समाजातील व्यापाऱ्यांनी सढळ हाताने साहाय्य केले. परंतु ती निराधार जीवांसाठी आहे. आपण आयुष्यभर मायेने वाढविलेल्या जीवाला निराधार करून तेथे सोडणे हा तिचा हेतू नव्हे. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत बंध, वध, छेद आणि अतिभारारोपण यांच्याबरोबर अन्नपाननिरोधही सांगितला आहे. आपल्या पश्चात त्या जीवाचे अन्नपाणी आणि औषध खंडित होणार नाही, याची तजवीज आपण हयातीतच करावयास हवी.

यासाठी वहीचे एक पान पुरे. त्यावर प्राण्याचे वय, वजन, आजार, चालू औषधे व त्यांच्या वेळा लिहाव्यात. रेबीजची लस कधी दिली व पुढची कधी द्यावयाची, हेही नोंदवावे. नेहमीच्या पशुवैद्यांचा दूरध्वनी आणि रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना लिहावा. काय देऊ नये, तेही लिहावे. कांदा-लसूण कुत्र्यांना बाधतो. तो आपल्या घरांत नसतोच. पण लाडाने दिलेल्या मनुका त्यांची मूत्रपिंडे निकामी करू शकतात, आणि माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सांभाळणाऱ्याचे नाव. ते त्या व्यक्तीला विचारून, तिची संमती घेऊनच लिहावे. ती न जमल्यास दुसरी कोण, हेही ठरवावे. कायद्याने प्राणी स्वतः वारस होऊ शकत नाही. म्हणून खर्चाची रक्कम सांभाळणाऱ्याच्या नावे, हेतू स्पष्ट नमूद करून मृत्युपत्रात ठेवावी. मसुदा वकिलाकडून करून घ्यावा आणि त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्यात. भूक-तहानेने यातना होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण टाकून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, याचे स्मरण वारसांनाही असावे.

तो कुत्रा आता दुकानाच्या जुन्या मुनीमजींकडे आहे. त्यांना कोणी सांगितले नव्हते. ते आपण होऊन पुढे आले. गोळीची वेळ त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवली आहे. प्रत्येक घराला असे मुनीमजी लाभतीलच असे नाही. येत्या दिवाळीत वहीपूजन कराल, तेव्हा हे एक पान अवश्य लिहावे, ही विनंती.