आधी पाणी, मग तेल

मंगळवारी रात्री नागपूरहून मावशीचा फोन आला. "रातभर झोप नाय गो, पायांक खाज सुटता," म्हणाली. ती मालवणची. थंडीचे दोन महिने लेकीकडे राहायला गेली आणि पंधरा दिवसांत तिच्या पायांच्या नळ्या आटलेल्या तळ्यासारख्या तडकल्या. लेक तिला काळजीने मॉलमध्ये घेऊन गेली. तिथल्या विक्रेत्या मुलीने पाय न बघताच ८४० रुपयांची बाटली हातात दिली. पातळ, गुलाबी, सुगंधी, आणि वर लिहिलेलं 'सर्व प्रकारच्या त्वचेसाठी'. लावल्यावर पाय चुरचुरले आणि दोन तासांत पुन्हा पांढरे पडले. मावशी बहात्तर वर्षांची आहे. तिला वाटलं, आता वयच झालं.

वयाचा दोष थोडा आहे. वय वाढतं तशी त्वचेतली स्निग्धता कमी होते, हे खरं. हवेचा दोष त्याहून मोठा, कारण मालवणची दमट हवा सोडून ती विदर्भाच्या कोरड्या थंडीत गेली. पण सर्वांत मोठा दोष त्या बाटलीच्या निवडीचा. मी मागे साबणावर लिहिलेल्या लेखानंतर आलेल्या निम्म्या पत्रांत हाच प्रश्न होता: साबण कमी केला, आता अंगाला लावायचं काय? उत्तर मी पुढे ढकलत होते. मावशीच्या फोनने ते ढकलणं संपलं.

मी तिला एकच विचारलं, "पिशवीत मुठेल आहे ना?"

"आसा मगे. पण शहरात ता कोण लावता?"

मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. ते गार झालं की गोठतं आणि मुठीत दाबून त्याचे गोळे करतात, म्हणून मुठेल. आमच्या आजीच्या घरात अंगाला लागणारी तेलं दोन. एक नरक चतुर्दशीचं, सुवासिक, पहाटे आंघोळीच्या आधी रगडून लावायचं. दुसरं हे मुठेल, आणि त्याची वेळ नेमकी उलटी. दिवसभर शेतात, अंगणात राबून आल्यावर आजी रात्री पाय दगडाने घासायची, धुवायची, पंच्याने नुसते टिपायची, आणि पाय ओलसर असतानाच मुठेलाचा गोळा दिव्यावर धरून मऊ झालेलं तेल टाचांच्या भेगांत भरायची. हे दोन क्रम मी लहानपणी शेकडो वेळा पाहिले. त्यांतला फरक मात्र फार उशिरा कळला.

अभ्यंगाला मी नावं ठेवणार नाही. अंग मोकळं होतं, घर तेला-उटण्याच्या वासाने भरतं, सण सण वाटतो. साबणाआधी तेलाचा थर असला तर साबणाचा मारा थोडा कमी बसतो, हेही आहे. पण "आम्ही तेल लावतो, आम्हाला वेगळं मॉइश्चरायझर कशाला" असं जे सांगतात, ते बहुतेक हेच आंघोळीआधीचं तेल मोजत असतात. त्यावर उटणं चोळलं, मग साबण, मग गीझरचं कढत पाणी. तेल गेलं मोरीत. कढत पाण्याने आणि साबणाने त्वचेची स्वतःची चरबीही थोडी बरोबर नेली. अंग पुसून कपडे चढवले, आणि ज्या घटकेला त्वचेला झाकणाची गरज होती त्या घटकेला ती उघडी राहिली. आजीच्या पायांना ते झाकण मिळायचं. म्हणून शेतात अनवाणी चालणाऱ्या त्या बाईच्या टाचा आमच्या टाचांपेक्षा बऱ्या होत्या.

यामागचं कारण अमेरिकेतल्या आयर्विन ब्लँक या संशोधकाने १९५२ मध्येच दाखवून दिलं. त्याने वाळून कडक झालेला कातडीचा जाड तुकडा, घट्ट्यासारखा, तेलात बुडवून ठेवला. तुकडा कडकच राहिला. तसाच तुकडा पाण्यात ठेवला, तर मऊ पडला, वाकू लागला. त्वचेला मऊपणा येतो तो पाण्याने. तेलाचं काम त्या पाण्याला बाहेर जाऊ न देणं. आपल्या त्वचेच्या सगळ्यांत वरच्या थरात मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल, स्निग्ध आम्लं यांचा गिलावा त्यांना धरून ठेवतो. हा गिलावा झिजला की घाम नसतानाही आतलं पाणी भराभर उडून जातं. कोरड्या, कडक कातडीवर नुसतं तेल चोळणं म्हणजे रिकाम्या हंड्यावर घट्ट झाकण बसवणं.

म्हणून मॉइश्चरायझर निवडताना मी आधी वेळ बघते, मग हवा, मग मागची यादी. आंघोळीनंतर टॉवेलने अंग टिपायचं, घासायचं नाही, आणि दोन-तीन मिनिटांत ओलसर अंगावर लावायचं. एवढं पाळलं तर साधी बाटलीही काम करते. न पाळता दुपारी कोरड्या अंगावर लावलेल्या महागड्या बाटलीचा उपयोग निम्माही होत नाही.

हवेचं म्हणाल तर मुंबई, रत्नागिरी, पणजी इथे बहुतेकांना पातळ लोशन पुरतं, कारण त्यात पाणी जास्त आणि चिकटपणा कमी. पुण्या-नाशिकच्या थंडीत क्रीम लागतं. नागपूर, अकोला, चंद्रपूर इथे पायांच्या नळ्यांना आणि टाचांना पेट्रोलियम जेलीसारखं घट्ट मलमच हवं. पाणी अडवण्यात तिच्या तोडीचं स्वस्त दुसरं काही नाही. पेट्रोलियम हे नाव ऐकून दचकायचं कारण नाही, शुद्ध केलेली पांढरी जेली तान्ह्या बाळालाही चालते. घराघरांतलं ग्लिसरीन चांगलं, पण पाणी किंवा गुलाबपाणी मिसळून आणि वर क्रीम किंवा तेलाचा थर देऊन. कोरड्या हवेत नुसतं घट्ट ग्लिसरीन लावलं तर ते हवेतून काही ओढू शकत नाही, मग त्वचेच्या आतलंच पाणी ओढतं. युरियाचं नाव वाचून शेतकरी घरातली माणसं बिचकतात. पण तो आपल्या त्वचेत मुळातच असतो. अंगासाठी ५ ते १० टक्के आणि जाड टाचांसाठी त्याहून जास्त, असा तो क्रीममध्ये मिळतो. उघड्या भेगांवर चुरचुरतो, तिथे आधी जेली लावून भेग मिटू द्यावी. मधुमेह असलेल्यांनी टाचांना रोज क्रीम लावावं, बोटांच्या बेचक्यांत मात्र काही लावू नये. तिथे ओल धरते आणि बुरशी वाढते.

बाळाच्या अंगाला सध्या कौतुकाने ऑलिव्ह तेल लावलं जातं. त्यात ओलेइक आम्ल फार आहे आणि ते त्वचेचा गिलावा सैल करतं. मोहरीच्या तेलाबद्दलही संशोधक असंच सांगतात. आपलं खोबरेल बरं, सूर्यफूलही बरं.

आता सुगंध. माझे वाचक म्हणतील, ही पुन्हा तिथेच आली. आले, आणि येत राहणार. त्वचेला लागणाऱ्या वस्तूंतून जी ॲलर्जी होते तिच्या ठळक कारणांत सुगंधी द्रव्यं आहेत, आणि इसब असलेल्या मुलांना डॉक्टर पहिल्यांदा तीच बंद करायला सांगतात. तरी दुकानात आपण काय करतो? झाकण उघडून वास घेतो. दुकानात झाकण उघडून वास बघायची आपली सवय सुटली तर निम्म्या घरांतली हिवाळी खाज कमी होईल, असं माझं ठाम मत आहे. बाटली उलटी करा. घटकांची नावं प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असतात. पहिल्या पाच-सहांत ग्लिसरीन, पेट्रोलॅटम, पॅराफिन यांपैकी काही असलं तर वस्तू कामाची. सेटिअरिल अल्कोहोल दिसलं तर घाबरू नका, ते मेणासारखं स्निग्ध द्रव्य आहे, त्वचा वाळवणारं नव्हे. पण पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत मिरवणारं केशर आणि बदाम मागे सुगंधाच्याही खाली लिहिलेलं असेल, तर ते चिमटीएवढंही नाही. सुगंधाचंच प्रमाण साधारण एक टक्क्याच्या आत असतं.

आणि किंमत. मोठ्या माणसाच्या अंगाला एकदा नीट लावायला साधारण २० ग्रॅम लागतात. म्हणजे २०० ग्रॅमची बाटली एकटीला दहा दिवस. मावशीची ८४० रुपयांची बाटली अशी वापरली तर महिन्याला अडीच हजार रुपये झाले. कुठली मावशी वापरेल? ती करंगळीएवढं घेईल, दोन्ही पायांना पुरवेल आणि बाटली होळीपर्यंत टिकवेल. म्हणून जे सढळ हाताने लावायला परवडतं तेच चांगलं मॉइश्चरायझर. सरकारी दवाखान्यातले त्वचेचे डॉक्टर चिठ्ठीवर साधं, बिनवासाचं क्रीम लिहितात ते विचार करूनच लिहितात.

मावशीने बुधवारपासून कोमट पाणी घेतलं, पायांना साबण बंद केला, ओलसर नळ्यांवर बिनवासाचं घट्ट मलम आणि रात्री टाचांना मुठेल. काल शनिवारी तिचा फोन आला, चार तास सलग झोपली. असं करूनही दोन-तीन आठवड्यांत खाज हटली नाही, किंवा पुरळ नसताना सगळ्या अंगाला खाज सुटत राहिली, तर मात्र डॉक्टरांकडे जा. थायरॉइड, मूत्रपिंड, यकृत यांचे आजारही कधी कधी असे खाजेतून बोलतात.

तुमच्या घरात साठीपुढचं कोणी असेल तर आज त्यांचे पायजमे, लुगडी जरा वर करून नळ्या बघा. पांढऱ्या, खवल्यांच्या दिसल्या तर उद्या त्यांची आंघोळ झाल्याबरोबर, अंग ओलसर असतानाच, स्वतःच्या हाताने लावून द्या. त्यांचा हात तिथवर पोचत नाही, आणि ते सांगतही नाहीत.