खोलीचे भाडे कोण देणार?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. सासूबाई ८१ वर्षांच्या. कर्करोग यकृतापर्यंत पोचलेला. पुन्हा इस्पितळात न्यावे लागले, तर तिथून नर्सिंग होममध्येच हलवावे लागेल, असे डॉक्टर म्हणतात. मग हॉस्पिस घ्यायचे की स्किल्ड नर्सिंग? नवरा म्हणतो, ‘हॉस्पिस म्हणजे आईवर पाणी सोडणेच की!’

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की बाळंतपण आठवते. तिकडे ते थकल्या-भागल्या म्हाताऱ्यांचे राहण्याचे ठिकाण. प्रश्न परदेशातला खरा, पण मुलांकडे कायमचे राहायला गेलेले आईवडील आता आपल्या ओळखीतल्या कितीतरी घरांत आहेत. (नुसते चार महिने फिरायला गेलेल्यांना यातले काही लागू नाही, बरं का.)

तिकडे पासष्टीनंतर मेडिकेअर हा सरकारी विमा असतो. इस्पितळात सलग तीन दिवस रीतसर दाखल असलेल्या आणि रोज नर्सची शुश्रूषा किंवा व्यायामोपचार लागणाऱ्या रुग्णाचा नर्सिंग होमचा खर्च तो देतो, खोली-जेवणासकट. ‘ऑब्झर्वेशन’ म्हणून ठेवले असेल तर ते दिवस धरत नाहीत. हे त्याच वेळी विचारून घ्यावे. पहिले २० दिवस फुकट. २१ ते १०० दिवस रोजचा वाटा आपला. २०२५ साली तो २०९ डॉलर ५० सेंट होता. पुढे काही नाही.

हॉस्पिसचे उलटे. आजार आपल्या गतीने गेला तर सहा महिन्यांहून जास्त आयुष्य नाही, असे डॉक्टरांनी लिहून द्यावे लागते. रोग बरा करण्याचे उपचार थांबतात. दुखण्यावरची औषधे, नर्सच्या फेऱ्या, खाट, प्राणवायू हे सगळे मिळते. पण नर्सिंग होमच्या खोली-जेवणाचे पैसे मेडिकेअर देत नाही! आणि एकाच आजारासाठी दोन्ही एकदम मिळत नाही.

गोम इथेच आहे. खोलीचे पैसे वाचावेत म्हणून घरचे स्किल्ड नर्सिंगवर सही करतात, आणि पोटात कळा येत असलेल्या बाईला रोज उठवून चालवतात. मला हे पटत नाही. आठ दिवसांच्या व्यायामाने त्या स्वतःच्या पायांनी न्हाणीघरापर्यंत जाणार असतील आणि त्यांना तसे हवे असेल, तर जरूर घ्या. तिथेही दुखणे शमवणारे डॉक्टर मागता येतात. पुढे हॉस्पिसकडे वळताही येते.

नवऱ्याला सांगा, हॉस्पिस कधीही लेखी देऊन सोडता येते. आधी ९० दिवसांच्या दोन मुदती, मग ६०-६० दिवसांच्या. प्रकृती सुधारली तर बाहेरही पडता येते.

खोलीचा खर्च झेपत नसेल, तर गरिबांसाठीचे मेडिकेड मिळेल का, याची चौकशी आजच करा. त्या अर्जाला वेळ लागतो. घरी हॉस्पिस घेतले तर भाड्याचा प्रश्नच नाही, पण नर्स फेरीला येते, मुक्कामाला नाही. रात्री दोनला कूस कोण बदलणार, हे नवरा, नणंद सगळ्यांना बसवून आधी ठरवा. नाहीतर ते आपोआप तुमच्याच अंगावर येईल. अगदी दमलात तर सासूबाईंना एका वेळी पाच दिवसांपर्यंत संस्थेत ठेवण्याची सोय हॉस्पिसमध्ये आहे.

विमा खासगी कंपनीच्या मेडिकेअर ॲडव्हांटेजचा असेल तर स्किल्ड नर्सिंगचे नियम बदलतात. कंपनीला फोन करून विचारा.

आणि पत्रात सासूबाईंना स्वतःला काय हवे, ते कुठेच नाही. त्या शुद्धीवर आहेत, बोलतात, तर निवांतपणी विचारा, दुखणे कमी असेल अशा वेळी. इस्पितळात घाईने निघायला सांगितले तर हरकत घेता येते. कशी, ते तिथे मिळणाऱ्या मेडिकेअरच्या कागदावर छापलेले असते. तो कागद पिशवीत जपून ठेवा.