विश्लेषण : यकृत पुन्हा वाढते, मग दात्याला धोका का?

ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्यातील एका खासगी रुग्णालयात पत्नीने पतीला यकृताचा भाग दान केला. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांच्या अंतराने दोघांचाही मृत्यू झाला. आरोग्य विभागाने रुग्णालयाला नोटीस बजावली. ‘यकृत पुन्हा वाढते’ या भरवशावर अनेक कुटुंबे दानाचा निर्णय घेतात. हे खरे आहे, पण अर्धेच.

पुन्हा वाढते म्हणजे काय?

पालीची तुटलेली शेपटी त्याच जागी पुन्हा येते. यकृताचे तसे नसते. कापलेला भाग परत उगवत नाही, उरलेला भाग मोठा होतो. १९३१ मध्ये हिगिन्स आणि अँडरसन या संशोधकांनी उंदरांचे दोन तृतीयांश यकृत काढून ही वाढ मोजली. आजही प्रयोगशाळांत तीच पद्धत वापरली जाते.

पेशींना कसे कळते?

यकृताचे मुख्य काम हेपॅटोसाइट पेशी करतात. एरवी त्यांचे विभाजन क्वचितच होते. मात्र मोठा भाग काढल्यावर आतड्यांकडून येणारे सगळे रक्त उरलेल्या लहान भागातून वाहते. हा ताण जाणवताच कुप्फर या संरक्षक पेशी ‘आयएल-६’सारखे रासायनिक संदेश सोडतात. ‘एचजीएफ’ आणि ‘ईजीएफ’ हे वाढीचे घटक हेपॅटोसाइटना विभाजनाकडे नेतात. त्यांच्या मागोमाग पित्तनलिका आणि रक्तवाहिन्यांच्या पेशी वाढतात. शरीराला पुरेल एवढे आकारमान झाले की ‘टीजीएफ-बीटा’सारखे घटक ही वाढ थांबवतात.

मग धोका कुठे?

प्रौढ रुग्णासाठी बहुधा यकृताचा उजवा भाग, म्हणजे सुमारे ६० टक्के यकृत घेतले जाते. दात्याकडे किमान ३० ते ३५ टक्के उरेल, हे आधी तपासतात. बरीचशी वाढ पहिल्या दोन-तीन महिन्यांत होते. पण रक्त गोठवणारी प्रथिने बनवणे, शरीरातील विषारी द्रव्ये निकामी करणे ही कामे तोवर थांबत नाहीत. ती सगळी लहानशा यकृतालाच करावी लागतात. त्यातच रक्तस्राव, पित्तगळती किंवा जंतुसंसर्ग झाला, तर प्रकृती झपाट्याने बिघडू शकते. उजवा भाग देणाऱ्या दात्याच्या मृत्यूची जोखीम सुमारे ०.२ ते ०.५ टक्के मानली जाते. ती कमी आहे, शून्य नाही.

रुग्णाचे यकृत का वाढत नाही?

दारू, हिपॅटायटिस किंवा चरबीमुळे यकृताला वर्षानुवर्षे इजा होत राहिली, की दुरुस्तीऐवजी व्रण साचतात. यालाच सिरॉसिस म्हणतात. या जाळ्यात अडकलेल्या पेशींची विभाजनाची क्षमता घटते. दात्याच्या यकृतात जास्त चरबी असेल, तर त्याचीही वाढ मंदावते. म्हणून दाता निरोगी दिसत असला तरी तपासण्या टाळता येत नाहीत.

कुटुंबाने काय विचारावे?

१९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार पती-पत्नी, आई-वडील, भावंडे, मुले, आजी-आजोबा आणि नातवंडे हे जवळचे नातेवाईक मानले जातात. दाता शस्त्रक्रियेपूर्वी कधीही नकार देऊ शकतो. आपल्याकडे किती टक्के यकृत उरेल, त्यात चरबी किती आहे, हे दात्याने स्वतः विचारावे. शस्त्रक्रिया पुण्यात झाली, तरी दाता परततो तो घोटावडे किंवा मुळशीतील आणखी आतल्या गावात. ताप, कावीळ, पोटदुखी किंवा रक्तस्राव झाल्यास रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा आणि किती वेळात रुग्णालय गाठायचे, हे घरी सोडण्यापूर्वीच ठरलेले हवे. यकृत वाढते हे खरे, पण ते वाढेपर्यंत दात्याला जपावे लागते.