मागचा दिवा कोणासाठी?

गाडीचा पुढचा दिवा बिघडला की चालक त्याच रात्री मेकॅनिकचं दार ठोठावतो. त्याला स्वतःलाच रस्ता दिसत नाही ना! मागचा दिवा बिघडला तर मात्र महिनोन् महिने तसाच राहतो. कारण तो चालकाला कधी दिसतच नाही. तो असतो मागून येणाऱ्या परक्या माणसासाठी. माझ्या मते आपल्या रस्त्यांवरचा निम्मा प्रश्न या एका वाक्यात आहे. दुसरा निम्मा असा, की हा दिवा बिघडतो कसा आणि शोधायचा कसा, हे आपण कोणाला शिकवतच नाही.

मंडळी, सत्तरी ओलांडलेली बाई वायरिंगवर काय लिहिणार, असं वाटलं असेल तर त्यात तुमची चूक नाही. मी बी. ए. झाले ते मराठी माध्यमातून, आणि घाटकोपरच्या शाळेत जन्मभर शिकवलं ते मराठी आणि इतिहास. पण शाळा लहान, शिक्षक मोजके. त्यामुळे सातवीचं विज्ञान अनेक वर्षं माझ्याच गळ्यात पडलं. बॅटरी, बल्ब आणि दोन तारा हा धडा मी इतक्या वेळा शिकवला आहे, की झोपेतून उठवलं तरी सांगेन. त्या धड्यातलं मुख्य वाक्य एकच. वीज नुसती जाऊन चालत नाही, तिला परत यावं लागतं.

आता बोटीच्या ट्रेलरकडे येते.

माझं माहेर अलिबाग तालुक्यातलं. माझ्या भाच्याची नागावच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारी बोट आहे. ही बोट ट्रेलरवर ठेवतात, ट्रेलर ट्रॅक्टरला जोडतात आणि वाळूतून थेट पाण्यात उतरवतात. बोट तरंगली की ट्रेलर बाहेर. संध्याकाळी पुन्हा तेच. म्हणजे ट्रेलरची चाकं, सांगाडा आणि मागचे दिवे रोज दोन वेळा खाऱ्या पाण्यात बुडणार. पावसाळ्यात हा व्यवसाय बंद असतो, तेव्हा बोट दुरुस्तीला न्यायची तर रस्त्यानेच न्यावी लागते. दिवसा गर्दी म्हणून पुष्कळ जण रात्री निघतात. अलिबाग-रेवदंडा रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल. अरुंद, दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, वळणावर वळणं, आणि शनिवार-रविवारी मुंबईहून आलेली मुलं मोटारसायकलवर सुसाट.

गेल्या वर्षी मी तिकडे गेले होते तेव्हा भाचा वैतागलेला. म्हणाला, "आत्या, दोनदा नवीन दिवे आणून बसवले. तरी डावा मिणमिणतो, आणि इंडिकेटर दिला की दोन्ही लाल दिवे त्याच्याबरोबर लुकलुकतात. भूत बसलंय ट्रेलरमध्ये!"

हे भूत जगभरच्या ट्रेलरमध्ये असतं आणि त्याचं नाव आहे कच्चं अर्थिंग. ते असं. बॅटरीतून निघालेली वीज तारेतून दिव्यापर्यंत जाते. परतीसाठी बहुतेक ठिकाणी वेगळी तार नसते, गाडीचा लोखंडी सांगाडाच परतीची वाट. पण ट्रेलर आणि ट्रॅक्टर यांना जोडतो कोण? एक हूक आणि एक पिन. त्यावर ग्रीस, गंज, वाळू आणि रंगाचे थर. परतीची वाट तिथे अडली की वीज दुसऱ्या आडवाटा शोधते. इंडिकेटरची वीज लाल दिव्याच्या तारेतून उलटी घुसते, आणि एक दिवा लावला की भलताच लुकलुकतो. अशा वेळी बल्ब बदलून काय होणार? ताप आलेल्या मुलाचा सदरा बदलण्यासारखं आहे ते.

मिणमिणण्याचा हिशेबही सोपा आहे. ब्रेकचा साधा बल्ब १२ व्होल्टचा, २१ वॉटचा. पेटलेला असताना त्याचा रोध साधारण ७ ओहम. गंजलेल्या जोडाने वाटेत आणखी ७ ओहम घातले, तर १२ व्होल्टपैकी बल्बच्या वाट्याला निम्मेच येतात आणि निम्मे गंज खातो. व्होल्ट निम्मे झाले की ताकद जवळपास चौथाईवर येते, आणि उजेड त्याहूनही खाली. हा स्थूल हिशेब झाला, पण दिवा लागतो तरी दिसत नाही, याचं कारण त्यात आहे. ज्यांच्या नावाने रोध मोजतात ते गेओर्ग ओहम शाळामास्तर होते बरं का! कोलोनच्या शाळेत शिकवता शिकवता त्यांनी प्रयोग केले आणि १८२७ साली आपला नियम पुस्तकात मांडला. त्यांच्या देशात सुरुवातीला कोणी फारसं विचारलं नाही. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉप्ले पदक दिलं, तेव्हा किंमत कळली. असो. मास्तरांचा विषय निघाला की मी वाहवते.

बिघाड शोधायचा एक क्रम असतो, आणि तो क्रमच महत्त्वाचा. आधी लक्षण नीट पाहायचं. एकच दिवा गेला असेल तर बहुधा बल्ब किंवा त्याचा होल्डर. एकजात सगळे गेले असतील तर फ्यूज किंवा जोडणीचा प्लग. दिवे मिणमिणत असतील किंवा भलतेच लागत असतील तर अर्थिंग. मग भांडण कोणाचं ते ठरवायचं, ट्रॅक्टरचं की ट्रेलरचं. त्यासाठी प्लग काढून ट्रॅक्टरच्या सॉकेटवर टेस्ट लॅम्प लावायचा. टेस्ट लॅम्प म्हणजे काय, तर १२ व्होल्टचा एक बल्ब आणि दोन तारा. तिथे लख्ख लागला तर ट्रॅक्टर निर्दोष, आता ट्रेलरच्या मागे लागायचं. दिव्यापाशी तो लख्ख लागतो का? एक टोक विजेच्या तारेला आणि दुसरं ट्रेलरच्या सांगाड्याला लावून मंद, पण दुसरं टोक लांब तारेने थेट बॅटरीच्या ऋण टोकाला नेलं की लख्ख, असं झालं तर चोर सापडला. परतीची वाट.

भाच्याकडे नेमकं हेच निघालं. अर्थिंगची तार सांगाड्याला बोल्टने आवळली होती खरी, पण रंगावर! रंगातून वीज जात नाही. खाली गंज. पॉलिश पेपरने धातू चकचकीत होईपर्यंत घासला, नवीन लग लावला, बोल्ट आवळून वर ग्रीस फासलं, आणि हूकवर भरवसा न ठेवता प्लगपासून मागच्या दिव्यापर्यंत परतीची स्वतंत्र तार टाकली. दोन नव्या दिव्यांच्या खर्चाच्या मानाने हा खर्च किरकोळ. नुसते पीळ देऊन टेप गुंडाळलेले जोडही आम्ही उघडून पाहिले. आत तांबं हिरवं पडलेलं. पितळी भांड्यातलं ताक कसं कळकतं, तसंच. खारं पाणी टेपखालून आत शिरतं आणि तारेच्या बारीक पदरांमधून पुढे सरकत जातं, त्यामुळे बाहेरून तार धडधाकट दिसते.

आणखी दोन पथ्यं. ट्रेलर पाण्यात घालण्याआधी प्लग काढायचा. ब्रेक लावून लावून तापलेला बल्ब गार पाण्यात बुडाला की काच तडकते, आणि विजेची तार खाऱ्या पाण्यात राहिली की धातू अधिकच झिजतो. बाहेर काढल्यावर दिव्यांवर गोडं पाणी मारायचं. आणि फ्यूज उडाला तर त्या जागी जाड तार कधीही घालायची नाही. फ्यूज उडतो तो काहीतरी सांगायला. त्याचं तोंड बंद केलं तर पुढचं सांगणं आगीचं असतं.

हे सगळं झाल्यावर मी भाच्याला विचारलं, इतके दिवस तसाच का रात्री जात होतास? तो म्हणाला, "आत्या, मागे कोण बघतंय?" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आपण सगळे असंच बोलतो. पण मला ते वाक्य फार लागलं. त्याला कारण आहे.

माझ्या वर्गातला एक मुलगा होता. हुशार म्हणता येणार नाही, पण फळा पुसायला, खडू आणायला कायम पुढे. मोठा झाल्यावर एका कुरिअर कंपनीत लागला. २००८ सालच्या हिवाळ्यात रात्री मोटारसायकलवरून साताऱ्याकडे गावी निघाला आणि रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला दिवा नव्हता. चालकाने म्हणे सांगितलं, की सकाळी लागत होता. खोटं बोलला असेल असं मला वाटत नाही. सकाळी लागतही असेल. त्याची आई मला अजूनही मुलुंडच्या बाजारात भेटते. आम्ही भाजीचे भाव बोलतो.

उसाच्या ट्रॉल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे चित्र नवीन नाही. दिवाळीच्या आसपास हंगाम सुरू होतो आणि पुढे कित्येक महिने पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या रात्रंदिवस चालतात. मागे लोंबणाऱ्या उसाने दिवा असला तरी झाकला जातो. ट्रॉल्या सोडा-जोडा करताना प्लगची तार तुटते. ६० किलोमीटरच्या वेगाने येणारा मोटारसायकलवाला एका सेकंदात जवळपास १७ मीटर जातो. समोर काहीतरी आहे हे कळून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला तरी २५ मीटर संपले, आणि गाडी थांबायला आणखी २०-२५. त्याच्या दिव्यात काळपट ट्रॉली चाळीस मीटरवर दिसली, तर हिशेब जुळत नाही. मुलगा कितीही सावध असो.

यावर लोक म्हणतात, रिफ्लेक्टर लावतात की! लावतात, आणि ते चांगलंच आहे. हंगामाच्या सुरुवातीला कारखाने, परिवहन खातं, पोलीस मोहिमा घेतात, ट्रॉलीच्या मागे लावायला कापडी रिफ्लेक्टरही निघाले आहेत. त्याला वीज लागत नाही, अर्थिंग लागत नाही. पण रिफ्लेक्टर परका उजेड परत पाठवतो, स्वतःचा देत नाही. मागच्याचा दिवा मंद असेल, वळण असेल, वर चिखल बसला असेल तर तो मुका. आणि पुढची गाडी ब्रेक लावते आहे, हे तो कधीच सांगू शकत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत आणि त्यांत मागचा लाल दिवा आणि लाल रिफ्लेक्टर दोन्ही सांगितले आहेत. एक लावला म्हणून दुसरा माफ नाही.

दुसरा आक्षेप गरिबीचा. ट्रॅक्टरवाला कर्जात, त्याला कुठे छळता? मला हा आक्षेप मनापासून समजतो, म्हणूनच दंडाने हे सुटेल असं मी म्हणत नाही. दंडाची पावती फाडून दिवा लागत नाही. पण साखर कारखान्यात प्रत्येक ट्रॉली काट्यावर थांबतेच, भरलेली एकदा आणि रिकामी एकदा. तिथे एका माणसाने टेस्ट लॅम्प, चार बल्ब, थोडी तार आणि पॉलिश पेपर घेऊन बसायचं. ब्रेक दाबायला सांगायचं, मागे बघायचं, नसेल लागत तर तिथेच दुरुस्त करून रिकामी ट्रॉली रस्त्याला सोडायची. एवढ्या मोठ्या कारखान्याला एका वायरमनचा पगार जड नाही. किनाऱ्यावरच्या बोटवाल्यांनाही हंगाम संपताना असंच करता येईल, पाच-सहा जणांत मिळून एक माणूस.

आणि शाळांनी एक करावं. आपण मुलांना विद्युत मंडलाची आकृती काढायला लावतो, आकृतीला गुण देतो. बिघडलेलं मंडल हातात देऊन "शोध" असं म्हणत नाही. मी स्वतः एक वर्ष हे करून पाहिलं होतं. मुद्दाम एक तार रंगावर चिकटवून दिली होती. गणितात कायम नापास होणाऱ्या मुलीने ती सर्वांत आधी शोधली. बिघाड क्रमाने शोधणं ही अक्कल आहे, आणि ती आकृतीपेक्षा जास्त दिवस पुरते.

राहिलो आपण उपनगरातले लोक. आपल्याकडे ना ट्रॉली ना बोट. पण लालबहादूर शास्त्री मार्गावर संध्याकाळी उभं राहून रिक्षा आणि टेम्पो मोजा, एक लाल दिवा बंद असलेले पुष्कळ दिसतील. मी रिक्षातून उतरताना पैसे देते आणि मागे एक नजर टाकते. बंद असेल तर म्हणते, "दादा, मागचा डावा लागत नाही." आजवर एकही माणूस रागावलेला नाही. बहुतेकांना खरोखरच माहीत नसतं. आणि ज्यांच्याकडे स्वतःची गाडी आहे त्यांना कोणी सांगायचीही गरज नाही. रात्री सोसायटीत गाडी भिंतीकडे पाठ करून लावा, ब्रेक दाबा आणि आरशात पाहा. भिंतीवर लाल उजेडाचे दोन ठिपके दिसले पाहिजेत. एकच दिसला, तर उद्या सकाळी पहिलं काम तेच.