मोठें चाक आणि गाडीचा मेळ

सांप्रत लातूर व नांदेड या दोन्ही जिल्ह्यांत मालवाहू पिकअप गाडीचा प्रसार इतका झाला आहे कीं, पूर्वी जें काम बैलगाडी करीत असे तें बहुतांशीं आतां याच वाहनाकडे आलें आहे. अर्धापुराकडील केळी असोत, लातूरच्या बाजारांत जाणारें सोयाबीन असो, किंवा उदगीर-निलंग्याकडील तूर असो, शेताच्या बांधापासून अडत्याच्या दुकानापर्यंत हीच गाडी धांवते. अशा गाडीच्या पाट्यांपाशीं ठोकळे घालून ती उंच करावी व मूळच्यापेक्षां मोठे टायर तिला चढवावे, अशी हौस कांहीं तरुण मालकांत दिसून येते. मग टायर मडगार्डास घांसूं लागतो आणि उपाय विचारीत फिरण्याची पाळी येते. या विषयावर आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. टायर घांसतो ही गाडीनें केलेली तक्रार आहे. ती ऐकूं येऊं नये अशी तजवीज करण्यापेक्षां तिचें कारण समजून घेणें अधिक शहाणपणाचें होय.

ही हौस निव्वळ डौलाची आहे असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. मराठवाड्याची काळी जमीन पावसाचें पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. पावसाळ्यांत पाणंदीच्या वाटेवर चाकोऱ्या खोल जातात, गाडीचें पोट चिखलास टेकतें, आणि भरलेला माल तेथेंच अडकून पडतो. अशा वेळीं उंच चाकाचा मोह व्हावा यांत नवल नाहीं. मोठें चाक खड्ड्यांतून सुलभपणें निघतें हें आपल्या गांवच्या सुतारासही ठाऊक होतें. परंतु त्यास आणखी एक गोष्ट ठाऊक होती. बैलांची उंची तीच राहून चाकें तेवढीं मोठीं केलीं, तर आंख वर जातो, गाडी पुढें कलते, आणि ती धुरजड होऊन सारा भार बैलांच्या मानेवर येतो. म्हणून तो चाक, आंख व जूं यांचा विचार एकत्रच करी.

आतां पिकअपकडे वळूं. पुष्कळांची समजूत अशी कीं, गाडी दोन इंच उचलली म्हणजे मोठा टायर आपोआप मावतो. उभ्या गाडीपुरतें हें खरें दिसतें. परंतु भरलेली गाडी खड्ड्यांत आदळते तेव्हां पाटे दबतात, आंख वर येतो व चासीखालच्या रबरी ठोकळ्यावर आपटून थांबतो. चाकानें किती वर यावें याची सीमा तेथें ठरलेली असते, आणि केवळ गाडी उंच केल्यानें ती सीमा बदलत नाहीं. यामुळें कारखान्याच्या दारांत न घांसणारा टायर भरल्या गाडींत पहिल्याच मोठ्या खड्ड्यावर घांसतो. दुसरें असें कीं, पुढील चाक वळतांना कमानीसारखें फिरतें; त्याची कड मडगार्डाच्या मागील कांठाकडे जाते व आंतील बाजू चासीकडे येते. तेथें गाडीच्या उंचीचा उपयोग थोडा. तिसरें कारण रिमचें. चाक बाहेर काढणारी रिम घातली तर आंतील बाजू मोकळी होते खरी, पण बाहेरची कड अधिक मोठा फेरा घेते, आणि जी जागा आंत वांचली ती बाहेर खर्चीं पडते.

थोडा हिशेब केला असतां लाभ किती हेंही कळून येईल. टायरावर २१५/७५ आर १५ असें लिहिलेलें असतें. त्यांत २१५ ही मिलिमीटरांतील रुंदी, ७५ हें त्या रुंदीशीं टायराच्या उंचीचें शेकडा प्रमाण, व १५ हा रिमचा इंचांतील व्यास होय. या टायराचा सबंध व्यास सुमारें ७०३ मिलिमीटर होतो, तर २३५/७५ आर १५ या टायराचा सुमारें ७३३. फरक ३० मिलिमीटर. परंतु त्यांपैकीं निम्माच आंखाखालीं येतो. म्हणजे चिखलांत टेकणारा मागील आंखाचा गोळा अवघा १५ मिलिमीटर, एका बोटाच्या जाडीइतका, वर जातो. ठोकळे घालून गाडीचें अंग कितीही उचललें, तरी तो गोळा ठोकळ्यांमुळें तिळभरही वर जात नाहीं. शिवाय काटा ताशीं ६० किलोमीटर दाखवीत असतां गाडी वस्तुतः सुमारें साडेबासष्ट वेगानें जात असते.

न घांसतां मोठा टायर बसविण्याची रीत नाहींच असें नव्हे. रबरी ठोकळे खालीं आणावे लागतात, स्टिअरिंगचा वळणाचा अटकाव कमी करावा लागतो, मडगार्डाचें आंतील अस्तर कापावें लागतें. आणि मग गाडी पूर्ण भरून, एक चाक उंचवट्यावर चढवून, स्टिअरिंग दोन्ही टोंकांपर्यंत फिरवून पाहावें लागतें. परंतु प्रत्येक उपायाचें मोल द्यावें लागतें. वळणाचा अटकाव घटविला कीं अरुंद गल्लींत गाडी वळेनाशी होते. चाक मोठें झालें कीं तेंच ब्रेक त्याला थांबविण्यास कमी पडतात. गाडी उंच झाली कीं दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जातो, आणि भाराचा मध्य वर गेल्यानें वळणावर कलंडण्याचें भय वाढतें. हें भय केवळ मालाचें नाहीं. या गाड्यांतून शेतमजूर स्त्रिया कामावर जातात, वऱ्हाडेंही नेलीं जातात. गाडी माल नेण्यासाठीं असली तरी पाठीमागें माणसें उभीं असतात, हें आपण सर्वजण पाहतों.

चाक, भार व मार्ग या तिहींचा मेळ कसा घालावा याचें उदाहरण लातूरकरांस दूर शोधावयास नको. अडीच फूट रुंदीच्या रुळांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ सालीं कुर्डुवाडी व बार्शी यांमध्यें सुरू झाली व १९११ सालीं लातुरास पोंचली. तिचे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनीं हलक्या रुळांवर झेपेल असा पांच टनांचा भार प्रत्येक आंखास नेमून दिला, आणि त्या एका मापावर इंजिनें व डबे आंखले. पुढें २००७-०८ च्या सुमारास त्याच मार्गावर साडेपांच फुटी रूळ आले, तेव्हां नुसतीं चाकें बदलून भागलें नाहीं. रूळ, डबे, इंजिनें सारेंच बदलावें लागलें.

कायद्याचा रोखही याच दिशेनें आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याचें कलम ५२ नोंदणीच्या वेळच्या मूळ रचनेंत मनमानी फेरफार करूं देत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानेंही ९ जानेवारी २०१९ रोजीं तेंच स्पष्ट केलें. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक फेरफारास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा ठेविल्या आहेत. अपघात झाल्यास विमा कंपनीस हरकत घेण्यास जागा मिळते ती निराळीच.

मग चिखलांत रुतणाऱ्या शेतकऱ्यानें काय करावें? आमच्या मतें, गाडीच्या पुस्तिकेंत मान्य असलेल्या मापाचाच, परंतु खोल नक्षीचा टायर घ्यावा. बसलेले पाटे वेळेवर बदलावे. हवा नेमकी ठेवावी. आणि परवान्याहून अधिक भार घालूं नये. पाटे बसल्यामुळें व भार वाढल्यामुळें मूळ मापाचा टायरही घांसतो, हें विसरूं नये. याहून मोठा उपाय वाटेचा आहे. शेत व पाणंद रस्त्यांसाठीं महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं मातोश्री ग्रामसमृद्धी योजना काढली. दहा मालकांनीं दहा गाड्या उंच केल्यानें दहा गाड्यांचा तोल जातो. त्याच दहांनीं ग्रामसभेंत उभें राहून एक पाणंद पक्की करून घेतली, तर साऱ्या शिवाराची गाडी, बैलगाडी व सायकलही सुखानें जाते.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकजण उद्यां अशा गाड्यांचे मालक, चालक किंवा कारागीर होतील. त्यांनीं हातांत पान्हा घेण्यापूर्वीं मोजपट्टी घ्यावी, आणि गाडीचा एक भाग बदलावयाचा झाल्यास त्याशीं जोडलेले दहा भाग आधीं मोजून पाहावे, एवढीच आमची त्यांस विनंती आहे.