विश्लेषण : रायफलचे मॅगझिन पोलादाचे, ॲल्युमिनियमचे की प्लास्टिकचे? कारगिलच्या अनुभवातून काय शिकायचे?

भारतीय लष्करात इन्सास रायफलची जागा आता उत्तर प्रदेशातील अमेठी जिल्ह्यात, कोरवा येथे तयार होणारी एके-२०३ घेत आहे. या रायफलचे मॅगझिन पॉलिमरचे, म्हणजे बोलीभाषेत प्लास्टिकचे आहे. १९९९च्या कारगिल युद्धात इन्सासची प्लास्टिकची मॅगझिन थंडीत तडकल्याच्या तक्रारी आल्या होत्या. मग पुन्हा प्लास्टिकच का? पोलाद का नाही?

मॅगझिनचे काम नेमके काय?

वरवर पाहता ही एक पेटी आहे. आत स्प्रिंग, स्प्रिंगवर गोळ्या वर ढकलणारा तुकडा (फॉलोअर) आणि तोंडाशी गोळी अडवून धरणाऱ्या दोन कडा. या कडांना ‘फीड लिप्स’ म्हणतात. रायफलचा बोल्ट पुढे येताना वरची एक गोळी ढकलून नळीच्या तोंडात नेतो. ती कोणत्या कोनात सुटणार हे या कडा ठरवतात. त्या मिलिमीटरच्या अंशाने जरी फाकल्या तरी एकाऐवजी दोन गोळ्या सुटतात किंवा गोळी वाकडी होऊन अडकते. म्हणजे धातू की प्लास्टिक या वादाचा खरा मुद्दा पेटीचा नाही, तिच्या तोंडाचा आहे.

पोलाद इतके मजबूत, तर अडचण कुठे?

वजनात. एके-४७च्या सुरुवातीच्या सपाट पोलादी मॅगझिनचे रिकामे वजन सुमारे ४३० ग्रॅम होते. पुढे पातळ पत्र्याला पन्हळ्या पाडून ते सुमारे ३३० ग्रॅमवर आणले गेले. ५.५६ मिमी रायफलच्या ३० गोळ्यांच्या मॅगझिनचा हिशेब पाहू. पोलादी मॅगझिन सुमारे २५० ग्रॅमचे, तर ॲल्युमिनियमचे सुमारे ११५ ग्रॅमचे. सैनिकाकडे सात मॅगझिन असतील तर फरक साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास जातो. तेवढ्या वजनात ॲल्युमिनियमची जवळपास दोन भरलेली मॅगझिन जास्त नेता येतात. डोंगर चढणाऱ्या जवानासाठी हा फरक कागदावरचा नाही. शिवाय पोलादाला गंज आहेच. कोकणातल्या पावसात पत्र्याचे काय होते, हे वेगळे सांगायला नको.

ॲल्युमिनियम हा मधला मार्ग का ठरला नाही?

अमेरिकेपुरता तो दीर्घकाळ ठरला. व्हिएतनाम युद्धातील एम-१६ रायफलची २० गोळ्यांची मॅगझिन ॲल्युमिनियमची होती आणि तोच धातू ३० गोळ्यांच्या मॅगझिनसाठीही राहिला. हलके, स्वस्त आणि खराब झाले की बदलायचे, असा तो विचार. पण ॲल्युमिनियमच्या पातेल्याला पोचा पडतो तसा याच्या भिंतीलाही पडतो आणि आतला फॉलोअर अडतो. त्याहून वाईट म्हणजे आपटल्यावर कडा किंचित वाकतात आणि वाकलेल्याच राहतात. डोळ्यांना मॅगझिन धडधाकट दिसते, गोळीबार करताना दगा देते.

सोव्हिएत संघानेही एकेसाठी ॲल्युमिनियम वापरून पाहिले. मॅगझिन हलके झाले, पण पुरेसे दणकट नव्हते. त्यानंतर तिथे काचतंतू मिसळलेल्या राळेची तांबूस-नारिंगी मॅगझिन आली.

रशियाच्या थंडीत प्लास्टिक कसे टिकले?

नारिंगी मॅगझिनमध्ये सगळे प्लास्टिक नव्हते. एकेचे मॅगझिन पुढची खाच अडकवून मागे फिरवत बसवतात, त्यामुळे त्या खाचांवर मोठा ताण येतो. तिथे आणि तोंडाच्या कडांना पोलादी आधार दिला होता. एम-१६चे मॅगझिन मात्र रायफलच्या पोकळीत सरळ सरकते. पोकळीच त्याला धरून ठेवते. त्यामुळे तिथे एवढ्या पोलादाची गरज भासत नाही. एका रायफलला चाललेले उत्तर दुसरीला तसेच लावता येत नाही, ते यामुळे.

धातू वाकतो आणि वाकलेलाच राहतो. चांगला पॉलिमर वाकून मूळ जागी येतो. मर्यादा ओलांडली तर तडकतो. तडा निदान दिसतो आणि मॅगझिन बाद करता येते. पण तापमान उतरले की पॉलिमरची धक्का सोसण्याची क्षमता घटते. किती घटते, हे कोणता पॉलिमर, किती तंतू आणि साच्यातून कसा काढला यावर ठरते. दुसरा दोष संथ आहे. मॅगझिन वर्षानुवर्षे भरून ठेवले तर स्प्रिंगच्या सततच्या दाबाने कडा हळूहळू फाकतात. अमेरिकेतील मॅगपुल कंपनीने म्हणूनच आपल्या मॅगझिनसोबत कडांवरचा दाब हटवणारे झाकण दिले होते.

मग इतर लष्करांनी काय निवडले?

ब्रिटनने एसए-८० रायफलची पोलादी मॅगझिन अफगाणिस्तान मोहिमेच्या काळात पॉलिमरने बदलली, कारण वजन. अमेरिकेत तर एकाच वर्षी दोन उत्तरे आली. २०१६मध्ये लष्कराने नव्या, पोलादी टोकाच्या गोळीसाठी सुधारित मॅगझिन आणले, तेही ॲल्युमिनियमचेच. आणि मरीन कोअरने त्याच गोळीसाठी पॉलिमरच्या मॅगझिनला मान्यता दिली.

कारगिलचे काय?

इन्सासचा आराखडा पुण्यातील पाषाण येथील एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेचा. आतल्या गोळ्या दिसाव्यात म्हणून मॅगझिन अर्धपारदर्शक ठेवले होते. कल्पना चांगली होती; आज अनेक देशांच्या मॅगझिनला त्यासाठीच खिडकी असते. पण टायगर हिलसारखी शिखरे १६ हजार फुटांहून उंच आहेत. तिथल्या गोठवणाऱ्या थंडीत आणि खडकांवरच्या धक्क्यांत मॅगझिन तडकू लागली. नंतर इन्सासची सुधारित आवृत्तीही आली. मात्र ‘प्लास्टिक म्हणजे कुचकामी’ हा ग्रह कायम राहिला. तो चुकीचा आहे. सायबेरियातल्या हिवाळ्यात सोव्हिएत सैन्य तशाच वर्गातील मॅगझिन वापरत होते. दोष प्लास्टिक निवडण्यात नव्हता. त्या विशिष्ट प्लास्टिकची त्या विशिष्ट थंडीत पुरेशी परीक्षा झाली नाही, तो तिथे होता.

एके-२०३ बाबत कोणता प्रश्न विचारायला हवा?

सहा लाखांहून अधिक रायफलींचा हा करार आहे. त्यात मॅगझिनचा साचा आणि कच्चा माल देशात तयार होऊ लागला की प्रत्येक नव्या खेपेची चाचणी वेगळी लागेल. रशियात तयार झालेला नमुना उत्तीर्ण झाला, एवढे पुरेसे नाही. खेपेतून निवडलेली मॅगझिन पूर्ण भरून, सियाचीनच्या तापमानाला गोठवून, तोंडावर खडकावर आपटून पाहायला हवीत. राजस्थानच्या उन्हात महिनोन्‌महिने भरून ठेवलेल्यांच्या कडाही मोजायला हव्यात. आणि संशय आलेले मॅगझिन मोडीत काढायला जवानाला किंवा त्याच्या तुकडीला हिशेबाची धास्ती वाटता कामा नये. रायफलच्या किमतीपुढे मॅगझिनचा खर्च नगण्य असतो.